धरण भरलेलं, पण नळ ठिबकतोय : स्लो लॅपटॉपचं दुखणं नेमकं कुठे असतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं पडतं, किंवा लॅपटॉपसमोर बसून एकेक पायरी करून बघायची आहे, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले चाळीसेक 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' काढून टाकलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.



तुमच्यातले बहुतेक जण मला आत्ता फोनवर ऐकताय. बसमध्ये, मेसवर, कपडे वाळत घालताना. म्हणून सुरुवात फोनपासूनच करते. तुमचा फोन समजा बारा-तेरा हजारांचा आहे. बटण दाबलं की उघडतो, कॅमेरा लगेच चालू. आणि घरातला लॅपटॉप? तो घेतला तेव्हा चाळीस हजारांचा होता. तो चालू करायचा, मग चहा ठेवायचा. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन कप विसळून होतो, आणि स्क्रीनवरचं ते गोल अजून फिरतंच आहे.

महागडी वस्तू हळू आणि स्वस्त वस्तू फास्ट, हे कसं काय? आजचा भाग यावरच आहे. आणि त्याला एक गोष्ट जोडलेली आहे, आमच्या घरातलीच.

मामाचा लॅपटॉप

गेल्या पावसाळ्यात मी पानशेतला मामाकडे गेले होते. पुण्याहून खडकवासल्याच्या पाण्याच्या कडेकडेनं जायचं, चाळीसेक किलोमीटर. तुम्ही वीकेंडला गेला असाल तिकडे, भजी आणि कणीस खायला. मामाचं घर धरणापासून जवळच आहे. पावसाळ्यात तिथे पाऊस पडतो म्हणजे काय पडतो हे पुण्यात बसून कळत नाही. भिंतींना ओल, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि लाईटीचा काही भरवसा नाही.

जेवण झाल्यावर मामा म्हणाला, "तायडे, तू ते कॉम्प्युटरचं कायतरी बोलत असतीस ना रेडिओवर? ह्याचं बघ की जरा."

रेडिओ नाही, पॉडकास्ट, हे सांगायचा नाद मी सोडलाय.

लॅपटॉप २०१९ मधला. मामेबहीण तेव्हा शाळेत होती, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच लॅपटॉपवर तिचा प्रोजेक्ट, मामीच्या बचत गटाचा हिशोब, आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो. चालू व्हायला सात मिनिटं लागत होती, मी घड्याळ लावून बघितलं. त्यानंतर एक फोल्डर उघडायला अर्धा मिनिट. पुण्यातल्या एका दुकानात त्यांनी तो दाखवला होता. तिथे पाच मिनिटं बघून सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल. नाहीतर नवाच घ्या, जुना झालाय." मामीनं गटातून पंचेचाळीस हजारांचं कर्ज घ्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. आणि तोवर काम निभावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तो फॉरमॅटला टाकणार होता.

मी म्हणाले, एक रात्र थांबा. आधी दुखतंय कुठे ते बघू.

हेच आजच्या भागाचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं आहे. 'लॅपटॉप स्लो आहे' म्हणजे 'अंगात कसकस आहे' असं म्हणण्यासारखं. कशानं आहे ते त्यात नाही. डिस्क, रॅम, प्रोसेसर, उष्णता, नेट, यातलं काहीही असू शकतं आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. न बघता उपाय केला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी दोन साधे प्रश्न

पहिला प्रश्न, लॅपटॉप स्लो आहे की नेट? गंमत वाटेल, पण अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. वायफाय किंवा हॉटस्पॉट बंद करा. आता एखादं फोल्डर उघडा, नोटपॅड उघडा, लॅपटॉपमध्येच असलेला फोटो उघडा. हे पटापट होत असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका, दुखणं नेटमध्ये आहे. पानशेतला एका खोलीत दोन दांड्या आणि पडवीत चार, अशी रेंज असते. तिथे हा प्रश्न आधी विचारायलाच हवा. मामाच्या लॅपटॉपमध्ये नेट बंद करूनही फोल्डर उघडायला तेवढाच वेळ लागला. म्हणजे नेट सुटलं.

दुसरा प्रश्न, शेवटचा 'रीस्टार्ट' कधी केला होता? मामेबहीण म्हणाली, "ताई, रोज रात्री शटडाऊन करते की." इथे एक गोम आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा चालूच असते. ती असली की शटडाऊन केल्यावर विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. कालची अडकलेली कामं आज पुन्हा हजर. 'रीस्टार्ट' केलं तरच सगळं पुसून नव्यानं सुरू होतं. तिच्या लॅपटॉपचा 'अप टाइम' बघितला तर तेवीस दिवस! रोज शटडाऊन करूनही.

रीस्टार्ट केला. सात मिनिटांची सहा झाली. म्हणजे खरं दुखणं अजून आतच होतं.

टास्क मॅनेजर : लॅपटॉपचा थर्मामीटर

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. छोटीशी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' असेल, त्यावर क्लिक करा. वर चार आकडे दिसतात : सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. सगळे टक्क्यांत.

घाई करू नका. लॅपटॉप चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग नेहमीचं काम करत करत बघा. कुठला आकडा सारखा नव्वदच्या वर चिकटून बसतोय? तिथे तुंबलंय.

मामाच्या लॅपटॉपमध्ये सीपीयू १५ टक्के, मेमरी ७८ टक्के, आणि डिस्क १०० टक्के. लालभडक. आणि पुढे बघा, डिस्क शंभर टक्के कामात असताना तिथून वाचलं काय जात होतं, तर सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही.

हे ऐकून तुम्हाला वाटेल की आकडा चुकलाय. चुकलेला नाही. समजावून सांगते, आणि त्यासाठी मामाच्या घरातून बाहेर बघितलं तरी पुरे.

पानशेत, खडकवासला आणि पुणे

पानशेत धरणात साधारण १०.६५ टीएमसी पाणी मावतं. खडकवासल्यात जेमतेम १.९७. म्हणजे पानशेत पाचपटीनं मोठं. पण पुण्याला पाणी जातं ते खडकवासल्यातून. पानशेतचं पाणी आंबी नदीतून खाली येतं, मुठेला मिळतं, खडकवासल्यात साठतं आणि तिथून पुढे शहराकडे.

लॅपटॉपमध्येही हीच साखळी आहे. डिस्क म्हणजे पानशेत. मोठी, सगळा साठा तिथे, पण लांब. रॅम म्हणजे खडकवासला. लहान, पण शहराला लागून. आणि प्रोसेसर म्हणजे पुणे, पाणी पिणारं. प्रोसेसर डिस्कमधून थेट काही घेत नाही. आधी ते रॅममध्ये यावं लागतं.

आता समजा पानशेत काठोकाठ भरलंय, पुणंही तहानलंय, पण मधली वाटच बोळ्याएवढी आहे. नळ ठिबकणारच. मग तुम्ही पुण्यात कितीही मोठी टाकी बांधा, नळ सोन्याचा बसवा, उपयोग शून्य. मामा हे सगळं ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे धरण भरलंय, पर सोडायलाच येत न्हाय." अगदी हेच.

एक फरक तेवढा लक्षात ठेवा. खडकवासल्यातलं पाणी रात्री लाईट गेली म्हणून नाहीसं होत नाही. रॅममधलं होतं. म्हणून काम सेव्ह करायचं असतं, म्हणजेच डिस्कवर परत पाठवायचं असतं.

फिरणारी तबकडी

२०१९ च्या आसपास आपल्याकडे जे स्वस्त लॅपटॉप विकले गेले, त्यातल्या कितीतरींमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क होती. 'एक हजार जीबी!' म्हणून आपण खूश. पण ही हार्ड डिस्क म्हणजे खरोखरची फिरणारी तबकडी असते. जुन्या ग्रामोफोनसारखी तबकडी, आणि तिच्यावर सरकणारा एक बारीक दांडा. फक्त इथे दांड्याचं टोक तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतर.

आता गणित करू. लॅपटॉपमधली अशी तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी दांडा योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे एका तुकड्याला पंधरा-सतरा मिलिसेकंद, आणि सेकंदाला फार तर साठेक तुकडे. विंडोज चालू होताना असे हजारो छोटे तुकडे इकडून-तिकडून गोळा करतं. एकेक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला साठ तुकडे म्हणजे २४० केबी. एक एमबीसुद्धा नाही! डिस्क शंभर टक्के राबत होती, पण तिचा सगळा वेळ दांडा इकडे-तिकडे पळवण्यात जात होता.

आणि तुमच्या फोनमध्ये? तिथे तबकडीच नाही. फोनची साठवण चिपमध्ये असते, तिला फ्लॅश मेमरी म्हणतात. काहीही फिरत नाही, काहीही सरकत नाही. सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. बारा हजारांचा फोन चाळीस हजारांच्या लॅपटॉपला हरवतो, त्याचं मोठं कारण हेच. लॅपटॉपमध्ये हीच चिपवाली साठवण बसवता येते, तिचं नाव एसएसडी. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला असे हजारो तुकडे आरामात उचलते.

तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते बघायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा आणि डावीकडे 'डिस्क'वर जा. तिथेच एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं असतं.

पण थांबा, फॉरमॅट नको

इथपर्यंत आल्यावर मी एसएसडी घ्यायला सांगून झोपायला गेले असते. पण त्याच पानावर आणखी एक आकडा होता, 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम'. धडधाकट तबकडीला तो काही दहा मिलिसेकंद असतो. इथे तो मधेच दोन हजार, तीन हजारांवर उडी मारत होता. आणि कान लावला तर आतून बारीक टक्... टक्... असा आवाज.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कची तब्येत सांगतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. आमच्याकडे पिवळा आला. तबकडीवरचे काही भाग वाचता येईनासे झाले होते, आणि डिस्क त्याच भागांवर परत परत डोकं आपटत होती. म्हणजे लॅपटॉप नुसता स्लो नव्हता. डिस्क मरायला टेकली होती, आणि स्लो होणं हे तिचं शेवटचं सांगणं होतं.

कशामुळे, हे नक्की सांगता येत नाही. पण बॅटरी कधीच मेलेली होती, त्यामुळे लाईट गेली की लॅपटॉप चालू कामात धाडकन बंद व्हायचा. आणि तो चालू ठेवूनच सॅकमध्ये घालून गाडीवरून कॉलेजला न्यायची सवय. ते काही नॅनोमीटर आठवा आणि आपले रस्ते आठवा.

मी मामेबहिणीला विचारलं, यात असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही?

ती आधी म्हणाली, प्रोजेक्ट. मग म्हणाली, बचत गटाचा हिशोब. मग थोडी थांबली आणि म्हणाली, "आजीच्या ओव्या."

आमची आजी दीड वर्षापूर्वी गेली. जाण्याआधी हिनं तिच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. चौदा फाइल्स. मग फोन भरला. 'स्टोरेज फुल' असं येत राहिलं, म्हणून तिनं त्या लॅपटॉपवर टाकल्या आणि फोनमधून उडवल्या.

मंडळी, हे आपण सगळेच करतो. फोन रिकामा करायला लॅपटॉपवर टाकतो आणि त्याला बॅकअप म्हणतो. तो बॅकअप नाही. वस्तू एकाच ठिकाणी आहे, फक्त ठिकाण बदललंय. बॅकअप म्हणजे दोन ठिकाणी असणं. सकाळी फॉरमॅट मारला असता तर त्या दुकानदाराला कळलंही नसतं की त्यानं काय पुसलं.

पानशेतमध्ये बसून हे सांगायला मला वेगळं उदाहरण लागत नाही. १२ जुलै १९६१ ला इथलं धरण फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि पाणी पुण्यात घराघरांत शिरलं. जुन्या पुणेकरांच्या घरी अजून विचारा, 'लग्नाचे फोटो?' तर काही ठिकाणी उत्तर एवढंच येतं, 'पुरात गेले.'

मरणाऱ्या डिस्कवरून माल कसा काढायचा

इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगते.

एक, अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करू नका. डीफ्रॅग नाही, चेकडिस्क नाही, पूर्ण व्हायरस स्कॅनही नाही. या सगळ्यात अख्खी तबकडी खरवडून वाचली जाते. आजारी माणसाला सिंहगड चढायला लावण्यासारखं आहे ते.

दोन, अपडेट थांबवा, बाकी सगळं बंद करा. लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि हलवू नका.

तीन, जे परत मिळणार नाही ते आधी. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर परत मिळतात. आम्ही आधी ओव्या घेतल्या, मग हिशोब, मग प्रोजेक्ट, मग फोटो.

चार, कशावर घ्यायचं? ड्राइव्हवर टाकू म्हणाल, तर हिशोब करा. आमचा माल होता ४० जीबी. रेंज चांगली असताना अपलोडचा वेग मिळाला ५ एमबीपीएस. त्या वेगानं ४० जीबी चढायला जवळजवळ अठरा तास, तेही लाईट न जाता! म्हणून शेजारच्या दादाकडून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला. घाईत पेनड्राइव्ह, आणि नंतर सावकाश ड्राइव्हवर दुसरी प्रत.

पाच, एखादी फाइल अडली तर तिच्यापाशी हटून बसू नका. ती सोडा, बाकीच्या घ्या, शेवटी परत प्रयत्न करा. आणि माल खूपच मोलाचा असेल, डिस्क सारखी टकटक करत असेल, तर लॅपटॉप बंदच करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. चालू ठेवण्यात रोज थोडं थोडं जातं.

रात्री दोनपर्यंत आम्ही दोघी बसलो होतो. बाहेर पाऊस. दोनदा लाईट गेली, पण मामानं गाडीतल्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आणून लावला होता. हिशोब आला, प्रोजेक्ट आला. चौदातल्या तेरा ओव्या आल्या. एक फाइल चाळीस टक्क्यांवर अडली ती अडलीच. सकाळी परत केलं, तरी नाही.

मामी म्हणाली, "जाऊ दे गं, तेरा आल्या ना." पण ती चौदावी कुठली होती हे मामेबहीण अजून आठवतेय.

मग काय बदललं

दुकान बदललं आणि नेमकं सांगून काम करून घेतलं : '५०० जीबीची साटा एसएसडी बसवा आणि ४ जीबी रॅम वाढवा.' असं नेमकं सांगितलं की समोरचाही नीट बोलतो. सगळं मिळून खर्च पंचेचाळीस हजारांच्या आसपास फिरकलाही नाही, त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं. भाव वर-खाली होतात, म्हणून आकडा पाठ करू नका, दोन ठिकाणी विचारा.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. लॅपटॉपसोबत ओरिजनल विंडोज आलं असेल तर त्याचं लायसन्स सहसा मदरबोर्डाशी जोडलेलं असतं. नवी डिस्क टाकून तीच आवृत्ती टाकली की नेट लागल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका आणि क्रॅक केलेलं तर घेऊच नका. दुसरं, नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असू शकते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून लिहून ठेवा.

आता तो लॅपटॉप वीस सेकंदांत चालू होतो. मामाला खरं वाटेना. त्यानं तीनदा बंद-चालू करून बघितला.

तुमचा आकडा वेगळा आला तर?

सगळ्यांची डिस्कच दोषी असेल असं नाही. म्हणून पटकन बाकीची दुखणी बघू.

मेमरी सारखी ८५-९०च्या वर : खडकवासला लहान पडतंय. रॅम पुरली नाही की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. त्या फेऱ्यांत वेळ जातो. फुकटचा उपाय आधी. ब्राउझरचे टॅब बंद करा, क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जा आणि लॅपटॉपबरोबर आपोआप चालू होणारी जी लागत नाहीत ती 'डिसेबल' करा. ॲप काढलं जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. तरी भागेना तर रॅम वाढवा. 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरीवर गेलात की 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे वाढवता येत नाही. घेण्याआधीच विचारा.

सीपीयू सारखा वर : 'प्रोसेसेस'मध्ये सीपीयूवर क्लिक करा, कोण खातंय ते सगळ्यात वर येतं. अपडेट चालू असेल तर तासभर जाऊ द्या. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बहुतेकांना पुरतो. अनोळखी नाव दिसलं तर सर्च करा, लगेच उडवू नका.

सुरुवातीला फास्ट, अर्ध्या तासानं स्लो, पंखा बोंबलतोय : ही उष्णता. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला मुद्दाम वेग कमी करतो. आधी लॅपटॉप गोधडीवरून आणि उशीवरून उचला. खालची जाळी बंद झाली की त्याचा श्वास कोंडतो. दोन-तीन वर्षांत एकदा पंखा साफ करून घ्या.

सी ड्राइव्ह लाल : फोनसारखंच, जागा संपली की दम लागतो. निदान पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि मग 'स्टोरेज'. तिथे तात्पुरत्या फाइल्स काढता येतात. फक्त 'डाउनलोड्स'वर खूण करण्याआधी आत काय आहे ते बघा.

चार्जर लावल्यावर वेगळा, काढल्यावर वेगळा : 'पॉवर मोड' बघा. आणि दुसऱ्याचा कमी वॅटचा चार्जर लावला असेल तर काही लॅपटॉप आपणहून वेग आवरता घेतात.

हे मात्र नको

'एका क्लिकमध्ये लॅपटॉप दसपट फास्ट' म्हणणारे क्लीनर आणि रॅम बूस्टर नको. बरेचदा तेच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. रजिस्ट्री साफ करायला जाऊ नका. एसएसडीला जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग करू नका, विंडोज तिची निगा स्वतः राखतं. आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही कंपनीतून बोलतोय, हे ॲप घेऊन स्क्रीन दाखवा' असा फोन आला तर ठेवून द्या. कंपन्या असे फोन करत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कॉल करा.

आणि नवीन कधी घ्यायचा?

कधी कधी घ्यावाच लागतो, ते नाकारत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागतं, आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसरही. मामाचा त्यात बसला. तुमचा बसत नसेल, पण काम ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओ एवढंच असेल, तर लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. पण मदरबोर्ड गेलाय, स्क्रीनही फुटलीय, आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर चाललाय, तर जुन्याला नमस्कार करा.

जाता जाता एक काम देते. आज रात्री लॅपटॉप दुरुस्त नाही केलात तरी चालेल. पण फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये असं काय आहे जे फक्त एकाच ठिकाणी आहे, ते शोधा आणि त्याची दुसरी प्रत करा. घरच्या कोणाचा आवाज असेल तर तो आधी.

तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये कुठला आकडा लाल आला ते मला कळवा. पुढच्या भागात फोनच्या बॅटरीबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि लॅपटॉप गोधडीवरून उचला.

भेटू!